विश्वास तर पानिपतातच गेला

लग्नाची पत्रिका हातात पडली की आमच्याकडे आधी मुहूर्त पाहतात, मग कार्यालय कुठलं ते पाहतात आणि जेवणात काय असेल याचा अंदाज बांधून झाला की वधू-वरांची नावं वाचतात. आमच्या भावोजींनी थेट शेवटची ओळ वाचली आणि मला फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. लग्न बकिंगहॅमशायरमधल्या एका जुन्या हवेलीच्या हॉटेलात होतं. पत्रिकेच्या तळाशी, 'कृपया आहेर आणू नये'च्याही खाली, बारीक अक्षरांत छापलं होतं: पाहुण्यांसाठी मोफत व्हॅलेट पार्किंग.

"म्हणजे किल्ली द्यावी लागणार का रे?"

"हो. दारात उतरायचं, किल्ली द्यायची, आत जायचं."

"कोणाला द्यायची?"

"जो पोरगा उभा असेल त्याला."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मागून ताईचा आवाज आला, "मी म्हणतेय ना, माझ्या यारिसने जाऊ."

मी लंडनमध्ये विमा कंपनीत मोटारींचे दावे पाहतो. कोणाची गाडी कोणाला घासली, रिव्हर्स घेताना कोणी कोणाचा खांब पाडला, हे वाचण्यात माझा दिवस जातो. गोतावळ्यात कोणाच्या बंपरला पोचा पडला की पहिला फोन मला येतो, जसा कोणाच्या पोटात दुखलं की भावोजींना जातो. भावोजींनी स्वतः मात्र गाडीसाठी मला कधी फोन केला नव्हता. त्यांची गाडी कशाला घासायची तर ती आधी रस्त्यावर यायला हवी.

भावोजी मूळचे सांगलीचे. गेली २२ वर्षं इथल्या सरकारी रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आहेत, घर वॉरिकला. मुलींची शिक्षणं झाली, घराचे हप्ते फिटले आणि ५४व्या वर्षी त्यांनी पाच वर्षं वापरलेली पोर्श ९११ घेतली. रंग फिकट राखाडी. कंपनीच्या भाषेत क्रेयॉन, ताईच्या भाषेत प्रायमर. "पैसे संपले म्हणून वरचा हात राहिला का?" असं तिने शोरूममध्येच विचारलं होतं. ही गाडी ताशी १८० मैलांच्या वर जाते म्हणे. इथे मोटरवेवर मर्यादा ७० मैलांची, लंडनच्या पुष्कळ रस्त्यांवर २०ची, आणि वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३पासून वस्तीतल्या रस्त्यांना जवळजवळ सरसकट २०. भावोजी रविवारी सकाळी तिला गार्डन सेंटरपर्यंत नेतात आणि परत आणतात. घरात वाघ पाळून त्याला दूधभात घालावा तसं हे आहे. उरलेला आठवडाभर ती गॅरेजात मापाने शिवून घेतलेल्या आच्छादनाखाली झोपलेली असते.

हे आच्छादन मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या बाबांची स्कूटर आठवली. बजाज चेतक. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायच्या काळातली. ती घरी आली त्या दिवशी समोरच्या काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हॅंडल जरासं हलवून पाहिलं आणि म्हणाले, "बरी आहे." बाबा त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत. तिच्यावर आईचं जुनं सुती पातळ घातलेलं असायचं. वाड्यातलं कोणी "जरा स्कूटर देता का?" म्हणून आलं तर बाबा नाही म्हणायचे नाहीत. "न्या की," म्हणायचे, आणि मग समजावून सांगायला बसायचे: आधी डावीकडे तिरकी करायची, पण फार नाही. मग चोक, पण पुरता नाही. किक अर्धी मारून सोडायची, मग पुरी मारायची. दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरते, तिला कुरकुरू द्यायचं. सातव्या-आठव्या सूचनेला तो गृहस्थ म्हणायचा, "राहू द्या, रिक्षाने जातो." बाबांनी आयुष्यात कोणाला स्कूटर नाकारली नाही आणि ती कोणी नेलीही नाही.

पोर्शच्या बाबतीत ही सोय नाही. ती कोणीही चालवू शकतो. बटण दाबलं की चालू होते.

व्हॅलेट या शब्दाचंही इथे एक त्रांगडं आहे. इंग्लंडात आल्यावर पहिल्या वर्षी मी एका गाडीधुण्याच्या टपरीवर 'मिनी व्हॅलेट, फुल व्हॅलेट' अशी पाटी पाहिली आणि वाटलं, मिनी म्हणजे इथल्या इथे लावून देणार आणि फुल म्हणजे कायमची घेऊन जाणार. इथे व्हॅलेटिंग म्हणजे गाडी आतून-बाहेरून धुणं-पुसणं. मूळ अर्थ त्याहून जुना, साहेबाचा खासगी नोकर. वुडहाउसचा जीव्ह्‌ज हा तसा व्हॅलेट. पुष्कळ लोक त्याला बटलर समजतात. जुने इंग्रज या शब्दाचा उच्चार 'व्हॅलिट' असा करतात, कारण फ्रेंच शब्द फ्रेंचांसारखा उच्चारणं त्यांना कमीपणाचं वाटतं. तेव्हा भावोजींना कसला व्हॅलेट भेटणार, हे आधी ठरवायला हवं होतं. कपडे काढून ठेवणारा, गाडी धुणारा, की घेऊन जाणारा?

तशी ही काळजी मोटारीच्या आधीची आहे. घोडागाड्यांच्या काळात इंग्लंडच्या रस्त्यांवरच्या खानावळींत पाहुण्यांचे घोडे सांभाळणारा माणूस असायचा. त्याला ऑस्लर किंवा होस्टलर म्हणत. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने बाजारू इंग्रजीचा एक कोश काढला, त्यात त्याने होस्टलर या शब्दाची फोड 'ओट-स्टीलर' अशी दिली आहे. ओटचोर. घोड्याच्या दाण्याचे पैसे मालकाने मोजायचे, दाणा मात्र घोड्याच्या तोंडापर्यंत पोचेलच असं नाही. घोडा बिचारा तक्रार करणार कोणाकडे? आपल्याकडे हेच काम मोतद्दार करायचे. सरदार दरबारात गेले की त्यांचा घोडा धरून बाहेर उभं राहायचं. आत राजकारण चाललेलं असताना किती सरदारांचं अर्धं लक्ष बाहेर असेल, हे बखरींत येत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा फोन. भावोजींनी दिवसभर विचार करून प्रश्न काढले होते. शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात काढले असावेत, कारण ते रुग्णालयाच्या कागदावर लिहिले होते.

मी त्यांना सांगितलं की कायदा किल्ली देणाऱ्याच्या बाजूने आहे. त्यांना ते पटेना. मला स्वतःला या धंद्यात यायच्या आधी पटलं नसतं. १९३७ सालचा साउथएंडचा एक खटला आहे. समुद्रकाठच्या मोकळ्या मैदानात एकाने एक शिलिंग देऊन गाडी लावली. दुसराच कोणी आला, तिकीट हरवलंय म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. रखवालदाराने जाऊ दिलं. कोर्टाने मैदानवाल्याला सोडून दिलं. गाडी सांभाळायला घेतलीच नव्हती, नुसती जागा वापरायला दिली होती, असा निकाल. किल्ली हातात घेतली की मात्र प्रकरण वेगळं होतं. वस्तू ताब्यात घेतली, म्हणजे ती नीट जपण्याची जबाबदारी आली, आणि काही झालं तर 'आमची चूक नव्हती' हे ज्याने घेतली त्याने दाखवायचं. जुनाच कायदा. सोनाराकडे दिलेल्या पाटल्यांना लागतो तोच.

त्यातला माझा आवडता खटला १९६९ सालचा, लंडनमधला. मार्बल आर्चजवळच्या गॅरेजात एक गृहस्थ रोल्स-रॉइस घेऊन आले. गाडी त्यांची नव्हती, मित्राची होती. मागच्या सीटवर किमती चीजवस्तूंची बॅग. ते कुलूप लावायला लागले तर गॅरेजमधला माणूस म्हणाला, नियम आहे, कुलूप लावायचं नाही. गाडी हलवावी लागते. किल्ली द्या, हलवून झाली की मी लावतो. परत आले तेव्हा गाडी उघडी, किल्ली तिथेच लटकलेली आणि बॅग गेलेली. तिकिटावर छापलं होतं की आतल्या वस्तूंना आम्ही जबाबदार नाही. लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सोबतच्या न्यायाधीशांनी सांगितलं की त्या माणसाने तोंडी शब्द दिला होता, आणि त्यापुढे छापील अट टिकत नाही. 'मी लावतो' हे दोन शब्द गॅरेजला महागात पडले.

"म्हणजे त्या पोराकडून तोंडी काहीतरी वदवून घ्यायचं," भावोजी म्हणाले. त्यांनी लिहून घेतल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

आणि दिल्लीचा एक खटला तर फेरारीचा नाही, लॅम्बोर्गिनीचा नाही, मारुती झेनचा आहे. ऑगस्ट १९९८. रात्री अकराच्या सुमारास एक जण ताजमहाल हॉटेलच्या दारात झेन आणून किल्ली व्हॅलेटला देतो. एकच्या सुमारास बाहेर येतो तर गाडी नाही. झालं होतं असं की तीन पोरं आपली वेगळी गाडी घेऊन आली, रीतसर व्हॅलेटला दिली, आत गेली, बाहेर आली, आपली गाडी मागितली, आणि ती यायची वाट पाहताना त्यांच्यातल्या एकाने टेबलावरची झेनची किल्ली उचलली. रखवालदार आडवा आला, पण झेन सुटली. विमा कंपनीने मालकाला दोन लाख ऐंशी हजार दिले आणि मग हॉटेलशी भांडण मांडलं. 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असं हॉटेलच्या तिकिटावर होतंच. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९मध्ये हॉटेल हरलं. किल्ली घेतलीत, आता छापील ओळ दाखवून सुटता येणार नाही.

"एकवीस वर्षं," भावोजी म्हणाले. "तोवर मी पंच्याहत्तरीचा होईन. मला त्या गाडीत वाकून बसताही येणार नाही." मग कागदावरचा पुढचा प्रश्न. "पोराने वेगमर्यादा मोडली तर?"

इथे मला थोडं गप्प बसावं लागलं. कॅमेऱ्याने फोटो काढला की चौदा दिवसांच्या आत नोटीस येते ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. मग आपण अठ्ठावीस दिवसांत सांगायचं की चालवत कोण होतं. नाही सांगितलं तर लायसन्सवर ६ पॉइंट आणि हजार पौंडांपर्यंत दंड. चालवणाऱ्याचं नाव माहीत हवं, नुसतं 'उंच होता, वेस्टकोट घातलं होतं' चालत नाही. भावोजींनी हेही लिहून घेतलं.

वास्तविक हॉटेलच्या दारातून मागच्या मैदानापर्यंत जाताना कॅमेरा लागणार कुठला? पुष्कळ पॉलिसींमध्ये तर हॉटेलचा किंवा रेस्टॉरंटचा नोकर गाडी लावत असतानाही विमा चालू राहतो, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. भीतीचं घर विमानतळाशी आहे, जिथे सुट्टीला निघालेले लोक किल्ली पार्किंगवाल्यांच्या हाती देऊन उडून जातात. गॅटविकच्या आसपासच्या शेतांत चिखलात रुतलेल्या गाड्यांचे फोटो अधूनमधून वर्तमानपत्रात येतात. मालक स्पेनमध्ये वाळूत पडलेला, गाडी इकडे चिखलात. अशा फायली माझ्या टेबलावर येतात, आणि त्यांत सगळ्यांत केविलवाणी गोष्ट म्हणजे लोकांनी लिहून ठेवलेले मैलांचे आकडे. जाताना इतके, येताना इतके. आपण नसताना आपली वस्तू कुठे कुठे हिंडून आली, हे माणसाला फार लागतं.

आणि कोणी नको, मीच लावतो म्हटलं तरी सुटका नाही. २०१० साली नाइट्सब्रिजला हॅरॉड्सच्या दारात फिकट निळ्या रंगाच्या दोन गाड्या, एक कोनिगसेग आणि एक लॅम्बोर्गिनी, नको तिथे लावल्या म्हणून चाकांना पिवळे खोडे घातलेल्या सापडल्या. त्या ज्या राजघराण्याच्या म्हणून सांगितल्या गेल्या, त्याच कतारच्या घराण्याच्या ताब्यात ते दुकान नुकतंच आलेलं होतं. स्वतःच्या दुकानापुढे गाडी लावता येत नाही, तिथे तुमची-आमची काय कथा.

भावोजींच्या मनात मात्र निराळंच काहीतरी होतं, आणि ते तिसऱ्या फोनला बाहेर आलं. मिरजेला मेडिकलला असताना होस्टेलवर व्हीसीआर भाड्याने आणून त्यांनी एक अमेरिकन सिनेमा पाहिला होता. 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ', १९८६चा. त्यात शाळा बुडवणारी पोरं मित्राच्या बापाची फेरारी शिकागोतल्या एका पार्किंगवाल्याच्या हाती देतात, आणि तो आपल्या जोडीदाराला घेऊन तिला उडवत नेतो. अक्षरशः चारही चाकं हवेत. "रे, त्या दोघांची तोंडं आठवतायत मला," भावोजी म्हणाले. "काय आनंद होता!"

मी त्यांना सांगितलं की ती फेरारी खोटी होती. २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर तेव्हाही इतकी महाग होती की सिनेमावाल्यांनी नकली सांगाडे बनवून घेतले. खऱ्यांपैकी एक, नट जेम्स कोबर्नची, २००८ साली इथल्याच रेडिओवाल्या ख्रिस इव्हान्सने सुमारे ५६ लाख पौंडांना घेतली. भावोजींना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दोन तोंडंच होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पोरगा गाडी आपटेल, याची भावोजींना तेवढी धास्ती नव्हती. आपटली तर मी होतो, पॉलिसी होती, लॉर्ड डेनिंग होते. त्यांना भीती होती ती पोराला मजा येईल याची. जी मजा भावोजींनी पाच आकडी पौंड मोजून विकत घेतली आणि गार्डन सेंटरच्या रस्त्यावर पुरवून पुरवून वापरली, ती हा एकोणीस वर्षांचा पोरगा दहा मिनिटांत फुकट उडवणार.

विश्वास पानिपतात गेला असं आपल्याकडे म्हणतात. १७६१ साली विश्वासराव पडले, आणि तेव्हापासून कोणी "विश्वास ठेवा" म्हटलं की समोरचा हे वाक्य तोंडावर मारतो. पण नीट पाहिलं तर आपला विश्वास अगदीच गेलेला नाही, तो सोयीने जातो-येतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, म्हणजे १९३२ सालापासूनच्या मंडळाच्या डॉलिस हिलच्या वास्तूत, गणपतीला गेलो की भावोजी आपले बूट दाराशी काढतात आणि डावा या टोकाला, उजवा त्या टोकाला ठेवतात. चोर दोन्ही शोधत बसणार नाही, हे सांगलीच्या गणपतीच्या देवळातलं शहाणपण. तेच भावोजी दादरच्या फलाटावर शेजारच्या अनोळखी बाईला "जरा बॅग बघाल का?" म्हणून वडापाव आणायला जातात. बॅगेत पासपोर्ट.

आणि त्यांचा स्वतःचा धंदा काय? दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. भावोजींच्या रुग्णालयात नव्हे, लंडनलाच. सकाळी एक डॉक्टर बाई आल्या. निळी टोपी, हातात कागद. विचारलं, पुढचे दात खरे का, कशाची ॲलर्जी, शेवटचं कधी खाल्लं. चार मिनिटं फार तर. मी सही केली. मग आतल्या खोलीत हाताच्या मागच्या बाजूला सुई टोचली, आणि त्या म्हणाल्या, एखादी आवडती जागा आठवा. मी पर्वतीच्या पायऱ्या आठवायला घेतल्या. दहा-बारा चढलो असेन, पुढचं माहीत नाही. दीड तास माझा श्वास त्या बाई घेत होत्या. मी त्यांना लायसन्स दाखवा म्हटलं नाही.

हे मी भावोजींना ऐकवलं. ते म्हणाले, "ते वेगळं. तिथे मॉनिटर असतो."

गाड्यांनाही मॉनिटर निघाले आहेत. टेस्लात व्हॅलेट मोड लावला की गाडी ७० मैलांच्या वर जात नाही आणि आतला कप्पा उघडत नाही. २०१५च्या कॉर्व्हेटमध्ये तर व्हॅलेटचं चित्र-ध्वनिमुद्रण करायची सोय होती. मग कंपनीच्या ध्यानात आलं की अमेरिकेतल्या काही राज्यांत दुसऱ्याचं बोलणं त्याला न सांगता टिपणं हा गुन्हा आहे. तूर्त वापरू नका, असं कळवावं लागलं. चोराला पकडायला जावं आणि पोलिसांनी आपल्यालाच धरावं, तसं. भावोजींच्या गाडीतही मोबाइलवर असलं काहीतरी होतं, पण त्याची वर्गणी भरायची राहिली होती. त्यांच्याकडे गणपती होता.

बोटभर उंचीचा पितळी गणपती, डॅशबोर्डवर. नुसता ठेवलेला, कारण कातड्याला डिंक लागलेला भावोजींना चालत नाही. वळण जरा जोरात घेतलं की तो आडवा होतो. ताई तो हातात धरूनच बसते. लग्नाच्या दिवशी भावोजींनी त्यालाच कामाला लावायचं ठरवलं. उतरताना गणपती उभा ठेवायचा, तोंड चालकाकडे. परत आल्यावर आडवा दिसला की समजायचं.

आम्ही वॉरिकहून एम ४०ने निघालो. ९११ला मागे सीट असतात असं कंपनी म्हणते. मी तिथे गुडघे हनुवटीला लावून आणि ताईच्या नऊवारीची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. हॉटेलच्या फाटकाशी रस्त्यावर उंचवटा आला. इंग्रज त्याला झोपलेला पोलीस म्हणतात. भावोजींनी बटण दाबून गाडीचं नाक वर उचललं आणि त्या पोलिसाची झोप न मोडता आम्ही पलीकडे गेलो. पोर्चमध्ये बारीक पाऊस. छत्री घेतलेला एक लांबलचक पोरगा पुढे आला, त्याने ताईचं दार उघडलं, तिच्यावर छत्री धरली. ताईने त्याच क्षणी त्याला पास केलं.

भावोजी खाली उतरले आणि मोबाइलचा दिवा लावून एकेका चाकापाशी उकिडवे बसून फोटो काढू लागले. जाकिटाचं टोक ओल्या खडीवर. मागे पाच-सहा गाड्या थांबल्या होत्या. इंग्लंडात अशा वेळी कोणी हॉर्न वाजवत नाही, लोक फक्त थांबतात. ते थांबणं पाठीला जाणवतं. चौथं चाक झालं तसे भावोजी पोराकडे वळले. नाव विचारलं. लायसन्स किती वर्षांचं? दोन. आज किती तासांची ड्यूटी? आठ. आणि मग रुग्णालयातल्या आवाजात, सवयीने, "शेवटचं कधी खाल्लंस?"

पोरगा जरा गोंधळला. "अकरा वाजता, सर. बेकन रोल."

भावोजींनी खिशातून ओला टिशू काढून त्याला दिला. त्याने निमूट हात पुसले.

"नीट लावशील ना?"

"हो सर. झाडाखाली नाही लावत, पक्षी घाण करतात."

तोंडी शब्द मिळाला. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. पोराने तिकीट फाडून अर्धं हातात दिलं, सदतीस नंबर. गाडी हलली तेव्हा भावोजी तिच्याबरोबर चार पावलं चालत गेले, स्टेशनवर लेकीला पोचवायला आल्यासारखे.

लग्न छान झालं. भटजी लेस्टरचे होते, दोन्ही भाषांत विनोद करत होते. अंतरपाट धरला, आम्ही अक्षता घेऊन उभे, आणि भावोजी खिडकीपाशी. तिथून मागचं मैदान दिसत नव्हतं, नुसती झाडं दिसत होती. 'सावधान' हे वधू-वरांना उद्देशून असतं, पण त्या दालनात ते मनावर घेणारे भावोजी एकटेच होते. पंगतीत श्रीखंड वाढताना बाहेर कुठेतरी इंजिन गुरगुरलं. भावोजींचा घास हातातच राहिला. "आपली," म्हणाले. ती कोणाची तरी डिझेल व्हॅन होती, केटररची.

संध्याकाळी सातला आम्ही तिकीट दिलं. दहा मिनिटं गेली. मग वळणावरून ती आली. इतकी हळू, की खडी चाकाखाली एकेक दाणा मोजून वाजत होती. पोरगा उतरला, दार धरून उभा राहिला. भावोजींनी आधी आत वाकून पाहिलं. गणपती उभा. तोंड चालकाकडे. ट्रिपचा आकडा ०.४ मैल. चाकं चारही तपासली, पावसाने धुऊन उलट स्वच्छ दिसत होती.

"पडला असेल, उचलून ठेवला असेल," ताई मला हळूच म्हणाली.

भावोजींनी पोराला दहा पौंड दिले. एवढ्यावर निघायला हवं होतं. पण गाडीत बसून, पट्टा लावून, काच खाली करून त्यांनी विचारलंच, "मग? कशी वाटली?"

पोराने प्रामाणिकपणे विचार केला. "इट्स ऑलराइट, सर," तो म्हणाला. मग वाईट वाटू नये म्हणून पुढे, "माझी जुनी फिएस्टा आहे. मला गिअर बदलायला आवडतं." आणि छत्री उघडून तो अडतीस नंबरकडे गेला.

एम ४०वर कोणी बोललं नाही. सगळा रस्ता काटा ६८वर होता. ऑक्सफर्ड गेलं, बॅनबरी गेलं. पंधरा नंबरला उतरलो तर मोठा राउंडअबाउट आला. भावोजींनी तो जरा झटक्यात घेतला आणि गणपती आडवा झाला, घरंगळत ताईच्या मांडीवर आला. तिने तो मुठीत धरला आणि पुन्हा डोळे मिटले.

"इट्स ऑलराइट म्हणजे काय रे?" भावोजींनी आरशातून मला विचारलं. "बरी आहे? नुसती बरी आहे?"

मी काही बोललो नाही. डोळे न उघडता ताई म्हणाली, "पुण्याचा असेल."